सबमिशन झालं की बघू

आमच्या वरच्या मजल्यावर कॉम्प्युटर इंजिनिअरिंगचे चार मुलगे भाड्याने राहतात. तिसऱ्या वर्षाला आहेत. सोसायटीत त्यांचं फार कौतुक होतं, कारण वरून आवाज येत नाही. गाणी नाहीत, पार्ट्या नाहीत, भांडणं नाहीत. वीस-एकवीस वर्षांचे चार तरुण, आणि घर चिडीचूप.

मला त्याचीच काळजी वाटते.

जिन्यात भेटले की मी विचारते, 'काय रे, गणपतीला घरी जाणार ना?' उत्तर ठरलेलं. 'सबमिशन झालं की बघू, काकू.' मित्राचा वाढदिवस? बघू. सिंहगड? बघू. जिच्याशी सहा महिने रोज रात्री चॅटिंग चाललंय, तिला एकदा समोरासमोर भेटणं? तेही बघू.

आधी एक मान्य करू. अभ्यास खरोखर अवघड आहे. दुसऱ्या वर्षी डेटा स्ट्रक्चर्स, डिस्क्रीट मॅथ्स आणि भल्याभल्यांना बॅक लावणारं एम थ्री, म्हणजे तिसरं गणित. तिसऱ्या वर्षी टीओसी (थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन), डेटाबेस, नेटवर्क्स, ऑपरेटिंग सिस्टीम. ३० मार्कांची इनसेम आटोपते न आटोपते तोच ७० ची एंडसेम दारात. मध्ये प्रॅक्टिकल, ओरल, मिनी प्रोजेक्ट. प्रोग्राममधली चूक सापडायला कधी दहा मिनिटं लागतात, कधी अख्खी रात्र, आणि किती लागतील ते आधी सांगता येत नाही. 'ठेव ना बाजूला, चल चहाला' म्हणणाऱ्याला दिसत नाही की उठल्याबरोबर डोक्यात रचलेला अख्खा डोलारा कोसळतो.

तेव्हा 'वेळ नाही' ही तक्रार खोटी नाही. फक्त हिशेब चुकलाय.

आठवड्याचे तास १६८. रोज सात तास झोप धरा, ४९ गेले. कॉलेजचे ३५. बसचे, लोकलचे १०. जेवण, आंघोळ, कपडे मिळून १४. घरी बसून केलेल्या अभ्यासाला सढळ हाताने २५ द्या. बेरीज १३३. उरले ३५. म्हणजे रोजचे पाच तास.

हे पाच तास कोणी खाल्ले?

अभ्यासाने नाही. अर्धवट अभ्यासाने. लॅपटॉपवर एका खिडकीत कोड, दुसरीत व्हिडिओ, हातात फोन, फोनवर रील. तीन तासांनी उठावं तर कोड होता तिथेच, आणि डोकं मात्र शिणलेलं. पुस्तकही झालं नाही आणि मित्रही भेटला नाही.

या अवस्थेला त्यांच्याच पुस्तकात नाव आहे. थ्रॅशिंग. पीटर डेनिंग यांनी १९६८ साली त्यावर शोधनिबंध लिहिला. मेमरीत मावणार नाहीत इतके प्रोग्राम एकदम सुरू केले की मशिनचा सगळा वेळ पानं आत-बाहेर करण्यात जातो. डिस्क अखंड फिरते, काम पुढे सरकत नाही. उपाय काय? जोर वाढवणं हा नाही. काही प्रोग्राम थांबवायचे. मोजके ठेवले की तेच मशिन पळायला लागतं.

तिसऱ्या वर्षाचा कुठलाही बरा विद्यार्थी हे उत्तर पेपरात अचूक लिहितो. त्याच रात्री डीएसएची (डेटा स्ट्रक्चर्स-अल्गोरिदमची) शीट, वेब डेव्हलपमेंट, मशिन लर्निंगचा कोर्स, हॅकेथॉन आणि क्लबची कमिटी असं सगळं एकदम चालू ठेवतो. काहीतरी थांबवावं लागणार हे कळतंच. मग पहिल्यांदा कोणाला थांबवतो?

मित्राला. कारण मित्राला क्रेडिट नाहीत.

क्रेडिटवरून आठवलं. २०१८ साली एआयसीटीईने, म्हणजे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने, इंजिनिअरिंगचा नवा नमुना अभ्यासक्रम आणला आणि चार वर्षांचं ओझं साधारण २२० क्रेडिटवरून १६० वर आणलं. मुलांना थोडा श्वास घेता यावा, आवडीचं काही करता यावं, हा हेतू चांगला होता. पण मोकळी झालेली जागा मुलांच्या हाती लागली का? तिथे सर्टिफिकेटं येऊन बसली. एक झालं की दुसरं, दुसरं झालं की त्याची पोस्ट.

आणि जर्नल तर आहेच. प्रोग्राम मशिनवर लिहायचा, मशिनवर चालवायचा, आणि त्याचा रायटअप कित्येक ठिकाणी अजून हाताने वहीत उतरवायचा. एकाने लिहायचा, चाळीस जणांनी उतरवायचा, सरांनी न वाचता सही करायची. टर्मवर्कचे मार्क त्यावर, म्हणून रात्र जागायची. या रात्री कॉम्प्युटर कोण शिकलं? आणि त्याच रात्री सांगलीहून आलेला आईचा फोन दोन वाक्यांत का संपला?

'जेवलास का?' 'हो. ठेवतो.'

घरच्यांनाही मोकळं सोडता येणार नाही. 'दहावी एवढी काढ, मग मजाच आहे.' दहावी झाली. 'बारावी आणि सीईटी, दोनच वर्षं.' तीही गेली. क्लाससाठी घेतलेल्या लातूरच्या खोल्यांमध्ये किती पोरांनी ही दोन वर्षं भिंतीकडे तोंड करून काढली, हे तिथल्या खाणावळवाल्यांना विचारा. मग 'फर्स्ट इयर सांभाळ'. मग 'प्लेसमेंट होऊ दे'. मग 'नोकरीत जरा स्थिर हो'. दर वेळी मैत्री एका परीक्षेने पुढे ढकलली.

'कॉलेजात मुलींच्या भानगडीत पडू नको' असं बजावणारे बाबा सत्ताविसाव्या वर्षी विचारतात, 'तुझ्या पाहण्यात कोणी आहे का?' कुठून असणार? पाहूच दिलं नाहीत.

या शाखेतल्या मुलांना एकट्या शिलेदाराची गोष्ट फार आवडते. एक माणूस, एक खोली, एक मशिन, आणि सकाळी जग बदललेलं. त्यात केन थॉमसन हमखास येतो. १९६९ साली त्याची बायको लहानग्या मुलाला घेऊन कॅलिफोर्नियाला नातेवाइकांकडे गेली आणि तेवढ्या तीन आठवड्यांत त्याने युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टीमचा पहिला अवतार उभा केला. गोष्ट खरी आहे, थॉमसनने ती स्वतः सांगितली आहे. घरचे नसले की केवढं काम होतं, असा तिचा अर्थ काढला जातो.

तीन आठवडे. चार वर्षं नव्हे.

आणि गोष्टीचा दुसरा भाग कोणी सांगत नाही. थॉमसन जिथे काम करायचा त्या बेल लॅब्सने त्याच वर्षी मल्टिक्स नावाच्या मोठ्या प्रकल्पातून अंग काढून घेतलं होतं. थॉमसनचा सोबती डेनिस रिची याने पुढे लिहिलं की त्यांना फक्त प्रोग्रामिंगची चांगली सोय टिकवायची नव्हती. जिच्याभोवती माणसांची सोबत जमेल अशी व्यवस्था त्यांना हवी होती. एका मशिनवर अनेकांनी काम केलं की माणसं एकमेकांशी जास्त बोलतात, हे मल्टिक्सवर त्यांनी अनुभवलं होतं. ते गमवायला ते तयार नव्हते.

म्हणजे आज या मुलांच्या खिशातल्या अँड्रॉइडपासून जगभरच्या सर्व्हरपर्यंत जे पसरलंय, त्याच्या मुळाशी चार मित्रांची संगत सुटू नये ही इच्छा आहे. हे सिलॅबसमध्ये का नाही?

मी याच शाखेतून गेले. आमच्या लॅबमध्ये मशिन कमी, पोरं जास्त. एका कीबोर्डवर दोघं, पाठीमागे तिसरी उभी. जी टाइप करायची तिच्या चुका पाठीमागची पकडायची. रांगेत उभं राहून आम्ही एकमेकींची घरं, भावंडं, भांडणं, सगळं ऐकलं. टंचाईचं मला कौतुक करायचं नाही, ती वाईटच होती. पण टंचाई गेली तशी सोबतही गेली, आणि तिच्या जागी आम्ही काही आणून ठेवलं नाही. आज प्रत्येकाच्या मांडीवर स्वतःचं मशिन आणि कानात स्वतःचं गाणं.

त्या लॅबमध्ये माझ्या पाठीमागे उभी राहणारी जी मैत्रीण, तिचं लग्न आमच्या सबमिशनच्या आठवड्यात होतं. कोल्हापूरला. मी गेले नाही. सबमिशन ऐन वेळी आठ दिवस पुढे गेलं.

लग्न पुढे गेलं नाही. तिच्या लग्नाच्या फोटोत मी नाही, हे मला अजून लागतं.

आता दुसरी मुलं बघा. पुण्यात पावसाळा सुरू झाला की नदीपात्रात ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू होतो. संध्याकाळी दोन-दोन तास, विसर्जनाच्या मिरवणुकीपर्यंत. त्यात इंजिनिअरिंगची पोरं-पोरी भरपूर. १९६३ पासून चालत आलेल्या पुरुषोत्तम करंडक या एकांकिका स्पर्धेच्या तालमी बघा, तिथेही इंजिनिअरिंग कॉलेजांचे संघ उतरतात. सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजची मुलं मुळा नदीत होड्या वल्हवतात, त्यांचा रेगाटा हा नौकोत्सव १९२८ पासून चालू आहे. या सगळ्यांना टीओसी सोपं जातं का? त्यांना सबमिशन नसतं का?

असतं. पण त्यांची वेळ ठरलेली असते. सात वाजता तालीम म्हणजे सात वाजता तालीम. न गेल्यास दहा जण खोळंबतात. सहा ते सात या तासात ते जेवढा कोड लिहितात तेवढा 'आज पूर्ण रात्र आहे' म्हणणारा पहाटे तीनपर्यंत लिहीत नाही. ढोलाला 'बघू' चालत नाही.

मैत्रीला का चालावं?

'वेळ मिळाला की भेटू' हे वाक्यच टाकून द्या. वेळ मिळत नसतो. 'आज जमणार नाही, रविवारी सकाळी सात वाजता तळजाई टेकडीवर' असं सांगा. नाही म्हणायचं तर तारखेसकट म्हणा. समोरच्याला तुमच्या सबमिशनचा राग येत नाही. त्याला तिष्ठत ठेवण्याचा येतो.

मुंबईची मुलं या बाबतीत थोडी नशीबवान. कर्जत, कसारा, विरारहून येणाऱ्यांची मैत्री लोकलमध्ये होते. आठ-सोळाची गाडी, ठरलेला डबा, ठरलेली टोळी. प्रवास जीवघेणा आहे, पण रोज तासभर कोणाचा तरी खांदा खांद्याला लागतो. कॅम्पसजवळच्या पीजीत राहणाऱ्याचा तो तास वाचतो. वाचलेला तास जातो रीलकडे.

आता प्रेमाचं. एकाच वर्गात जमलेल्या जोड्या पुष्कळ. संवाद कसला? 'असाइनमेंट पाठव.' 'पीडीएफ मिळाली?' 'व्हायवाला काय विचारलं?' चार सेमिस्टर हे चालतं आणि दोघांना वाटतं आपण एकमेकांना ओळखतो. मग प्लेसमेंटचा सीझन येतो.

एकीचं नाव यादीत लागतं, दुसऱ्याचं सीजी कटऑफखाली राहतं. त्या दिवशी कळतं की याला हार पचत नाही, आणि तिला आनंद लपवावा लागतोय. नोटीस बोर्डने जोडी तोडली असं सगळे म्हणतात. बोर्ड बिचारा नावं लावतो. जोडी तीन वर्षं नीट बोललीच नव्हती.

यादीत नाव नसलेल्या मुलाशेजारी त्या संध्याकाळी बसून राहणं, काही उपदेश न करता, हे कोडिंगच्या सरावाच्या कुठल्या लीटकोडवर शिकवतात?

प्रोजेक्टच्या ग्रुपची कथा आणखी कडू. चौघांचा ग्रुप. कोड लिहितो एक, रिपोर्ट करते दुसरी, तिसरा बाइंडिंग करून आणतो, चौथा फक्त प्रेझेंटेशनच्या दिवशी इस्त्रीच्या शर्टात हजर. मे महिन्यात चौघांना मार्क मिळतात आणि चौघांचं बोलणं बंद होतं. फ्रेड ब्रूक्स यांनी १९७५ सालीच लिहून ठेवलं की उशीर झालेल्या प्रकल्पात माणसं वाढवली तर तो आणखी लांबतो, कारण माणसं वाढली की आपसात समजून घ्यायचं कामही वाढतं. म्हणजे या धंद्यातला मोठा भाग बोलण्याचा आहे. 'तू तुझा वाटा केला नाहीस' हे मित्राला तोंडावर, रागावर ताबा ठेवून, जानेवारीतच सांगता येणं हेही शिक्षण आहे. नोकरीत रोज लागतं. पण आपण ते मेपर्यंत गिळतो आणि मग स्टेटसवर ओकतो.

त्यातही मुलींवर जादा अन्याय. ग्रुप 'नाइट मारायची' ठरवतो. मुलांच्या खोलीवर सगळे जमतात, मॅगी होते, कोड होतो, मैत्री होते. मुलींच्या हॉस्टेलचं दार तोवर बंद झालेलं असतं. ती आत बसून व्हिडिओ कॉलवर 'ऐकू येतंय का?' विचारत राहते. सकाळी तिला कळतं की मुख्य भाग तिच्याविना झाला. मग रिपोर्ट तिच्याकडे, अक्षर चांगलं म्हणून. दिवसा लॅब उघडी असते. ग्रुपने दुपारी चारला बसायचं ठरवलं तर कोणाचं काय बिघडतं?

गावाकडचा मित्र हा सगळ्यात स्वस्तात गमावला जातो. बार्शीचा असेल, परभणीचा असेल. शाळेत एका बाकावरचा. त्याने आयटीआय केलं, गॅरेज टाकलं. तो विचारतो, 'कधी येतोस?' इकडून अंगठा जातो. पुन्हा विचारतो, पुन्हा अंगठा. तिसऱ्यांदा तो विचारत नाही. तुम्ही परदेशातून परत याल, त्याच्या गॅरेजसमोर गाडी थांबवाल, आणि तो तुम्हाला 'साहेब' म्हणेल.

तेव्हा रडू नका.

आणि एवढं राबायलाच हवं असंही नाही. केंट बेक यांनी १९९९ साली प्रोग्रामरांसाठी जी कार्यपद्धती मांडली, तिच्यात आठवड्याला ४० तास हा नियम होता. लागोपाठ दुसऱ्या आठवड्यात जादा काम करावं लागत असेल तर प्रकल्पातच काहीतरी बिघडलंय असं समजा, असं त्यांचं म्हणणं. दोघांनी एका मशिनवर शेजारी बसून कोड लिहावा, हाही त्याच पद्धतीचा भाग. हे आळशी लोकांनी लिहिलेलं नाही. आणि आमच्याकडे विशीतल्या मुलाने डोळ्यांखाली काळं आणलं नाही तर त्याला सिरियस म्हणत नाहीत.

एक गोष्ट मात्र थट्टेवारी नेऊ नका. प्रत्येक हॉस्टेलच्या प्रत्येक मजल्यावर एक खोली असते जिचा दिवा रात्रभर जळतो. जाणारे-येणारे म्हणतात, 'अभ्यास करतोय.' मेसला येत नाही? अभ्यास करतोय. फोन उचलत नाही? अभ्यास करतोय. चार दिवस आंघोळ नाही? ओरल जवळ आलीय ना.

दार कोणी वाजवलं?

वाजवा. आत फक्त अभ्यासच चालू असेल तर पाच मिनिटं जातील. नसेल, तर खाली बसा, ऐका, आणि १४४१६ हा टेली-मानसचा नंबर त्याच्या फोनवरून स्वतः लावून द्या. सरकारची मानसिक आरोग्याची मोफत सेवा आहे, २०२२ पासून सुरू आहे, मराठीत बोलता येतं. हे करायला त्याच्या वर्गातला हुशार मुलगाच हवा असं नाही. शेजारच्या खोलीतल्या कोणीही करावं.

गेल्या गुरुवारी आमच्याकडे लाइट नव्हती. महावितरणचं दुरुस्तीचं काम, दिवसभर. दुपारी वरच्यांच्या लॅपटॉपच्या बॅटऱ्या संपल्या असणार, कारण चौघेही खाली येऊन जिन्यात बसले. मी चहा नेऊन दिला. पहिली दहा मिनिटं कोणाला काय बोलावं ते सुचेना. मग एकाने मेसच्या मावशींची नक्कल केली. दुसरा फिस्सकन हसला, तिसऱ्याच्या नाकातून चहा आला, आणि तळमजल्यावरचे आजोबा दार उघडून बघायला आले की आवाज कुठून येतोय.

बोलता बोलता त्यांच्यातला नांदेडचा म्हणाला, 'ताई आता हैदराबादलाच असते, लग्न झाल्यापासून.'

तिघे एकदम वळले. 'ताईचं लग्न झालं? कधी?'

'मे महिन्यात. आपली एंडसेम चालू होती ना, दोन पेपरांच्या मध्ये सुट्टी होती तेव्हा. रात्रीच्या गाडीने गेलो, दुसऱ्या रात्री परत आलो.' त्याने कप खाली ठेवला. 'तुम्हाला वाटलं मी लायब्ररीत आहे.'